रेषेच्या पुढची जागा

शंकरपटात बैलजोड्या धावतात ती सरळ धावपट्टी, म्हणजे दान, मी जन्मभर आखत आलो. म्हणून चामोर्शीजवळच्या आमच्या गावात मोटारसायकलींच्या ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, पट्टी करायचं ठरलं, तेव्हा आखणी माझ्याकडेच आली. पहिली चाचणी नीट झाली तरच ग्रामपंचायत जागा देणार होती.

गॅरेजवाला शहबाज म्हणाला, "भाऊ, शेवटच्या रेषेच्या पुढं गाडी थांबायले लंबी जागा लागते."

"कायले? रेषा ओलांडली का जोडी आपोआप थांबते. तू मले शिकवतं का?" असं म्हणून मी ती जागा पाहुण्यांच्या मंडपाला देऊन टाकली.

चाचणीला शहबाजनं रेषा ओलांडली, मंडप ओलांडला आणि सरपंचबाईंची खुर्ची घेऊन तो पलीकडच्या चिखलात थांबला. नशीब, पाहुणे चहाला उठले होते. शहबाज धडधाकट उठला, पण ग्रामपंचायतीची जागा गेली.

घरी मी बायकोला म्हणालो, "रुखमा, आजवर माझ्या दानीवर असं कधी झालं नाई."



"अवो, बैल सोताच्या अकलेनं थांबत होते, तुमच्या नाई."