डिकीतली बॅटरी

"फ्यूज बसल्याबिगर चावी मिळायची न्हाई," वायरिंगचं गॅरेज चालवणारी हौसाक्का म्हणाली.

शर्यतीसाठी माझ्या गाडीचं नाक हलकं करायला तिने बॅटरी पुढून काढून डिकीत बसवली होती. जाड वायर डिकीपासून पार इंजिनापर्यंत नेली होती. आता बॅटरीशेजारच्या एका फ्यूजपायी माझी सरावफेरी बुडत होती. मी तोंडाला येईल ते बोललो. ती मान वर न करता स्क्रू पिळत राहिली.

शर्यतीत तिसऱ्याच वळणावर गाडी उलटली. ती वायर पत्र्यात चिरडली. पेट्रोल ठिबकत होतं. मी पट्ट्यात उलटा लटकून ठिणगीची वाट बघत होतो. ती पडलीच नाही.

संध्याकाळी उडालेला फ्यूज अक्काच्या हातावर ठेवला आणि पाया पडलो.

"माझ्या कशाला पडतोस?" फ्यूज उजेडात धरत ती म्हणाली. "तुझ्या वाटणीचं ह्यानं जळून घेतलं."