आज डाग नाही

मंगळवारी डाग बंद. हा नियम आनंदा मिस्त्रीने घातला होता, आणि त्याच्यापुढे खुद्द मालकाचीही डाळ शिजत नसे. कारखान्यात त्याला पाठीमागे सगळे मालकाचा सासरा म्हणत.

पनवेलच्या बाजारपेठेमागे रेडिओ जुळवायचा हा छोटा कारखाना. सोल्डरिंगला इथे डाग देणं म्हणायचे. मागे एकदा कामगार चंद्रावतीला सोल्डरिंग आयर्नमधून विजेचा झटका बसला आणि तिचा हात कितीतरी दिवस लुळा राहिला. तेव्हापासून दर मंगळवारी आनंदा एकेक आयर्न तपासायला घेई. बल्बची एक वायर आयर्नच्या अंगाला, दुसरी जमिनीत पुरलेल्या पट्टीला. बल्ब जरा जरी पेटला तरी ते आयर्न बाद. नंतर टोक तापवून, मुंबईहून आणलेल्या तापमापकाच्या काट्यावर त्याची उष्णता पडताळायची. हे सगळं आटपेपर्यंत कुणाचा बाप आला तरी डाग द्यायचा नाही, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

आज त्याला घाईही होती. गव्हाणला म्हातारा अंथरुणाला खिळलेला. रविवारी निघताना बापाने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. आनंदाने मंगळवारी संध्याकाळी नक्की येतो म्हणून कबूल केलं, तेव्हा कुठे त्याने ते सोडलं. आता तपासणी एकदा उरकली की चारची उरण गाडी गाठायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सकाळी तो आत मान खाली घालून बसला असताना दारातून हाताखालच्या मुबारकने हाक दिली. "आनंदाभाऊ, गव्हाणवरून कुणी आलंय. डाग द्यायला बोलावतायत तुम्हाला. सगळे खोळंबलेत म्हणतो."

आनंदाला चीड आली. गावचा माणूस कारखान्यात आहे म्हटल्यावर गव्हाणकरांना ऊत आला होता. कुणाची फुटकी घागर, कुणाचा गळका कंदील, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यातून हातातल्या आयर्नने बल्ब पेटवला होता. त्याने मान वर केली नाही. दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "सांग त्याला, आज डाग नाही. उद्या."

बाहेरचा माणूस आल्या पावली निघून गेला, असं मुबारक म्हणाला. आनंदाने ते आयर्न बाजूला टाकलं आणि पुढचं घेतलं.

दुपार कलली तेव्हा काम संपत आलं होतं. आनंदा हात धुवायला उठला तर दारात त्याची बहीण भामा उभी. केस ओले, मोकळेच पाठीवर सोडलेले. मुबारकने तिला आत बोलावलं, ती उंबरठ्याच्या आत आली नाही. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने त्याला हात लावला नाही. सुतकातलं माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्यात शिरत नाही. आनंदाला काही विचारावं लागलं नाही. त्याचे ओले हात तसेच राहिले.

"कधी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पहाटे, असं ती म्हणाली. सकाळीच चुलतभाऊ काशिराम त्याला न्यायला आला होता. मुलाला बापाची बातमी परक्याच्या दारात उघडी सांगायची नाही, ही गावची रीत. डाग द्यायला बोलावलंय म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. काशिरामने तसंच सांगितलं होतं.

मुबारकचा चेहरा पांढरा पडला. तो पुन्हा पुन्हा सांगू लागला, की मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या घरी मेलेल्या माणसाला माती देतात. डाग म्हणजे त्याला एकच माहीत. त्याचा काय दोष? आनंदाला मात्र दोन्ही डाग माहीत होते. लहानपणापासून गावच्या खाडीकाठच्या मसणात त्याने किती चितांना पोरांकडून डाग दिलेला पाहिला होता. तोच शब्द आज त्याच्या कानावरून गेला आणि त्याला घागर आठवली.

"भामा, मला वाटलं..." तो म्हणाला आणि थांबला. काय वाटलं ते सांगायची त्याला लाज वाटली.

भामाच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काशिराम सांगत आला, आनंदा आतूनच बोलला, आज डाग नाय, उद्या. मी माज्या कानानी आयकला, बोलला. कुणी काय नाय बोलला मंग, दादा. भरती यायच्या आत उरकूया, बोलली सगली. काशिरामनीच दिला."

आनंदा खाली बसला. त्याला रडू फुटलं, आणि ते त्याने आवरलं नाही. मुबारक त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

भामा दाराबाहेरूनच त्याच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "एकटी आयच उचलू देत नव्हती बाबाला. सगल्यांच्या पाया पडत होती. माजा पोर उद्या बोललाय ना, बोलली, मंग उद्यापरयंत ठेवा."