वारं बाधेल

दर रविवारी आम्ही इझेओच्या तळ्यावर पोहायला जायचो आणि गाडीच्या काचा खाली करून ओल्या डोक्यांनीच घरी यायचो. खालच्या मजल्यावरच्या ओर्नेलाकाकू बाल्कनीतून ओरडायच्या, “अरे, केस वाळवा आधी! वारं बाधेल!”

“काकू, आमच्या तिकडे अमेरिकेत, टेनेसीत, वाऱ्याने माणूस मरायला आधी घराचं छप्पर उडावं लागतं,” बाबा म्हणायचा.

“हस, हस. इटलीचं वारं निराळं आहे.”

मार्चमध्ये बाबा गेला. मेंदूत गाठ होती. ओर्नेलाकाकू सूपचं पातेलं घेऊन आल्या, आईला मिठी मारून खूप रडल्या आणि निघताना हळूच म्हणाल्या, “केस ओले असायचे गं त्याचे.”

दार लागल्यावर धाकट्या टेसाने विचारलं, “खरंच त्यामुळे?”

आई डॉक्टर आहे. “छे! काहीतरीच. अशा गाठीला कारणच नसतं.”

“मग बाबालाच का झाली?”

“सूप गार होतंय,” आई म्हणाली.

परवा आम्ही त्यानंतर पहिल्यांदाच तळ्यावर गेलो. जुलैचं ऊन असं, की पाण्यातून बाहेर येऊन बसेपर्यंत आमचे केस निम्मे सुकले होते.



आईने पिशवीतून हेअर ड्रायर काढला, काठावरच्या कॉफीवाल्याला प्लग कुठे आहे विचारलं, आणि त्यानेही, यात नवल ते काय, अशा चेहऱ्याने तो दाखवला.