टोपल्या कसल्या होत्या?

एका भाषांतरात टोपल्या पांढऱ्या होत्या, दुसऱ्यात वेताच्या आणि तिसऱ्यात पांढऱ्या पावाच्या. भाषांतरकाराला असल्या गाठी सोडवायला फार आवडे. भर दुपारी तिन्ही बायबलं टेबलावर उघडी ठेवून त्याने बायकोला हाक मारली. खालची बेकरी तिचीच होती.

"तुझ्या धंद्यातला प्रश्न आहे," तो म्हणाला. "राजाचा पाववाला कैदेत पडलाय. त्याला स्वप्न पडतं, की डोक्यावर तीन टोपल्या आहेत आणि वरच्या टोपलीतलं पक्षी खाताहेत. टोपल्या कसल्या असतील?"

"वेताच्या. पिठाने पांढऱ्या झालेल्या," ती लगेच म्हणाली. "खालच्या टोपलीची कड उसवलीय, टाळूला टोचते."

तो हसला. "हे कुठे वाचलंस?"

"वाचतेय कुठली! पहाटे मलाच पडलं ते स्वप्न. अर्थ काय सांगितलाय हो त्याचा?"

त्याचं हसू मावळलं. तीन दिवसांत फाशी, असा अर्थ होता. निदान एखादा शब्द तरी मवाळ सापडेल म्हणून त्याने तिन्ही पुस्तकं पुन्हा वाचली. टोपल्यांवरून भांडणारी भाषांतरं इथे मात्र एका सुरात बोलत होती.

"प्रत्येकात वेगळा आहे," तो चक्क खोटं बोलला. "बस ना जरा."

ती बसली, पण फार सावकाश, मान ताठ धरून. खोलीत कुठेतरी चोची आपटल्यासारखा बारीक आवाज सुरू झाला. त्याने छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कसला गं हा आवाज?"

"हळू बोला," ती कुजबुजली. "खाऊ दे त्यांना."