पलंगाशेजारची खुर्ची

"चहाचं सगळं ओट्यावर आहे. करून घ्या," अंबिका म्हणाली आणि खुर्चीतून हललीसुद्धा नाही.

गुणवंत आणि जितेंद्र, तिचे दोघे थोरले दीर, उन्हातून आले होते. एक डोंबिवलीहून, एक पुण्याहून. शांती नगरच्या या दोन खोल्यांत आजवर पाण्याचा तांब्या आधी यायचा, गप्पा मागाहून. आज तांब्याचाही पत्ता नव्हता. धाकट्या भावाची, कौस्तुभची, ही विधवा भर मे महिन्यात डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून पलंगाशेजारी ढिम्म बसून होती.

पलंगावर त्यांची आई, मृणालिनीबाई, छातीपर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. "कंबर गेली रे, उठवत नाही," असा फोन त्यांनी फेब्रुवारीत केला होता. त्या फोनला दाद मिळाली ती मे महिन्यात. मुलं बिझी होती.

जितेंद्र चडफडत स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यासमोरच्या लाकडी पाटाला अडखळला.

"हा पाट इथे मध्येच कशाला?"

गॅसवर पेज मंद शिजत होती. त्याने शेजारच्या शेगडीवर आधण ठेवलं.

गुणवंत आईच्या उशाशी बसला. उशीवरचे लांब काळे केस त्याने झटकले आणि अंबिकाकडे रोखून बघितलं. उशीची खोळ बदललेली नाही. पलंगाखाली प्लॅस्टिकचा टब तसाच. नोकरी सोडून घरी बसली, तरी एवढं होत नाही? फेब्रुवारीत तिने नोकरी सोडल्याचं कळलं तेव्हा त्यानेच फोनवरून शाबासकी दिली होती. आईचं करायला कोणीतरी हवंच. पगार थांबल्यावर हे घर कशावर चालतं, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. असल्या माणसांना असलं काही सुचत नाही.

त्याने आईचा हात हातात घेतला. बोटं पिवळी, नखंही पिवळी.

"आई, कावीळ तर नाही ना झाली?"

मृणालिनीबाईंनी हात चादरीत ओढून घेतला. "असेलही. या वयात काय काय निघेल, कुणास ठाऊक."

जितेंद्र दोन कप चहा घेऊन आला, एक भावाला, एक स्वतःला. मग त्याने मुद्द्याला हात घातला.

"उत्तनला एक आश्रम बघितलाय. समुद्रासमोर. जेवण, डॉक्टर, सगळं तिथेच. हा फ्लॅट विकला की तुझं आरामात निघेल."

"आणि अंबिका?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"तिला माहेर आहे की."

कौस्तुभच्या तेराव्यालाही त्याने हेच म्हटलं होतं. मुलाच्या दुःखात मृणालिनीबाई तेव्हा गप्प बसल्या होत्या. आज त्यांना गप्प बसायचं नव्हतं.

"समुद्र बघत बसायला मी रिकामी नाही. घर माझ्या नावावर आहे आणि मी ते विकणार नाही. मी इथेच राहणार, हा पलंग इथेच राहणार, अंबिकाही इथेच राहणार. तुम्ही दोघांनी मिळून दिवसभराची बाई ठेवायची. ब्युरोची, पेशंटचं करायला शिकलेली."

"बाई कशाला? अंबिका आहे ना घरी!"

"अंबिका फुकट आहे का?" मृणालिनीबाई कडाडल्या. "तुमच्या वडिलांचं दुखणं नऊ वर्षं मी एकटीने काढलं. तुम्ही म्हणायचात, आई काय, घरीच असते. माझी पाठ मोडली त्यात. आता या घरात कोणी फुकट मरणार नाही."

जितेंद्रने मोबाइल काढला. "ठीक आहे, डॉक्टरचा नंबर दे. मी बोलतो. फाईल पण बघू."

अंबिकाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"दहावीच्या परीक्षेला तू तापाचं सोंग घेऊन पडलास, तेव्हा मी थर्मामीटर मागितला होता?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "आणि आईच्या दुखण्याचा पुरावा मागतोस?"

जितेंद्रने मोबाइल खिशात टाकला.

गुणवंत अंबिकाकडे वळला. तिथे काही जमलं तर बघावं. "तूच सांग आईला. तुला जमेल ना गं सगळं?"

"नाही भावोजी. मला नाही जमणार."

स्वच्छ, शांतपणे म्हणाली. वर लाजबीज काही नाही. गुणवंतला तिचा संताप आला. ती का थकली आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. सुनेला असं काही विचारायची या घरात पद्धतच नव्हती.

"ऐकलंत?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "बाई नको असेल तर तुम्ही दोघं आळीपाळीने रजा टाका. उद्यापासून हा टब उचलायला या."

दोघांनी टबाकडे बघितलं. पाच मिनिटांत गुणवंत ब्युरोशी बोलत होता. बाई उद्या सकाळी आठला येणार, पगार दोघे निम्मा निम्मा भरणार.

"पण किती दिवस?" जितेंद्रने निघताना विचारलं.

"पेशंट उठून हिंडायला लागेपर्यंत."

दोघे पाया पडले, अंबिकाकडे न बघता बाहेर पडले. दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

मृणालिनीबाईंनी चादर भिरकावली, पायांत चपला सरकवल्या आणि उशीची खोळ भराभर बदलली. मग अंबिकाला काखेत धरून खुर्चीतून उठवलं आणि पलंगावर निजवलं. तिच्या डोक्यावरची ओढणी सोडली, उरलेल्या विरळ केसांवरून हळदीची बोटं फिरवली.

"घाबरायचं नाही. पुढच्या किमोला आता आपण तिघी जाऊ," त्या म्हणाल्या आणि पेज ढवळायला पाटावर चढल्या.