तिकिटावरचे तीन

डिंपलचं विमान सकाळी दहाला दिल्लीहून उडालं, तसं मार्कंड्यात प्रेमिलाबाईंनी पाण्याचा तांब्या झाकून देवापुढे ठेवला. लेक टोरोंटोत उतरेपर्यंत पाणी प्यायचं नाही, असं त्यांनी मार्कंडेश्वराला कबूल केलं होतं. चाळीस वर्षांत त्यांचं एकही व्रत मोडलं नव्हतं. तिकिटावर दहा ते तीन होतं. "पाचच तास. नागपूरच्या एसटीलेबी एवढे लागतेत," त्या म्हणाल्या. तीनच्या ठोक्याला त्यांनी हात जोडले आणि तांब्या तोंडाला लावला. शेतातून आलेला प्रफुल दारातच थबकला. "आई, पानी काऊन पेली? ते तीन तिथल्या घड्याळातले. आपल्या घड्याळानं अजून साडेनऊ तास आहेत. डिंपल अर्ध्या वाटेवरबी नाई." तोंडातलं पाणी प्रेमिलाबाईंनी अंगणात टाकलं, तांब्या पुन्हा झाकला. "देवा, पोटात गेला तो घोट माह्या घड्याळाचा," त्या म्हणाल्या, "आता व्रत तिच्या घड्याळानं धरतो."