आधी वाचा
चौऱ्याहत्तर साली साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत नानासो मांडवात मागं उभे राहून पेनचं टोपण सारखं काढत, लावत होते. सांगलीच्या कॉलेजात ते अकाउंटन्सीचे प्राध्यापक. त्यांच्या संशोधनाचा विषय: सभासद अहवाल न वाचताच 'मंजूर' का ओरडतात? वडिलांना त्यांनीच भरीला घातलं होतं, "आबा, यंदा विचाराच." चेअरमन म्हणाले, "अहवाल मंजूर?" तोच पुढच्या रांगेतून आबा अहवाल उंचावून उठले. "आवं, आदी वाचून तर दावा! आमास्नी कुठं वाचाया येतंय?" चेअरमन गोड हसले. "आबा, तुमच्या उसाला तोड कवा द्यायची, ते बी वाचून दावू काय?" "वाळू दे ऊस तोडीबिगार. वाचा!" नानासोंना शेतातला उभा ऊस आठवला; त्यांनी पेन खिशात ठेवलं. मागून आरोळी उठली, "मंजूर!" मग सगळा मांडवच ओरडला. आबांनी वळून पाहिलं. मंजुरीसाठी उंचावलेला लेकाचा हात अजून वरच होता.